दहा खणांचं चर्च

करंजदरे, ता. शिंदखेडा
५ नोव्हेंबर २०२३

ती. अक्कास,
नवलचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे अक्षरावरूनच कळलं. ओळी परत सरळ चालायला लागल्या आहेत. कानांपुढे मात्र डॉक्टरांनी हात टेकले, असं तुझ्या ललितने फोनवर सांगितलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. शिंदखेड्याच्या स्टँडवर आयुष्यभर माईकवरून गाड्या सोडल्या, सगळा तालुका माझं ऐकायचा, पण तू कधी ऐकलं नाहीस. आता निदान लिहिलेलं वाचशील.

यापुढे गमतीचं काही नाही. बुधवारी नगरपंचायतीची दोन माणसं आली आणि आपल्या चर्चच्या भिंतीवर, दरवाज्याच्या डाव्या अंगाला, लाल रंगाची फुली मारून गेली. नरडाण्याकडे जाणारा रस्ता रुंद होतोय. कारखान्यांचे ट्रक गावात अडकतात, ते खरंच आहे. पण त्यात आपली डावी भिंत पुरी जाते, आणि ती गेली की छप्पर कशावर राहणार?

मी कचेरीत गेलो. तिथे नाशिकहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब आले होते, माणूस भला. माझ्याबरोबर चर्चपर्यंत चालत आले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले की ही इमारत शंभराच्या पुढची आहे हे मला दिसतंय, पण माझं दिसणं पुरावा होत नाही. पुरावा आणा, मग रस्ता थोडा वळवायची शिफारस करतो. वीस जानेवारीला सुनावणी आहे.

मिशनचे कागद शोधून झाले. त्या कपाटात वाळवीशिवाय काही राहिलेलं नाही. आता आधार एका कोनशिलेचा. तिच्यावर साल कोरलंय असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण बघितलंय कोणी? दर नाताळाआधी प्रत्येक घराने भिंतीतल्या आपापल्या खणाला चुना द्यायचा, थरावर थर. आजोबांच्या वेळीच ती त्याखाली गेली असणार. वरून मिशनच्या जुबिलीच्या वर्षी आपल्याच मंडळीने आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तुला काही आठवतं का? वडील तुझ्याशी जास्त बोलायचे.

अक्का, मला भिंतीपेक्षा माणसांची धास्ती आहे. रविवारी उपासनेला पंधरा-वीस जण असतात. पण खण रंगवायच्या दिवशी दहाही घरांची माणसं येतात, धुळ्याहून, सुरतेहून, कडेवर पोरं घेऊन. आपापली भिंत आहे म्हणून येतात. भिंत नसेल तर कशाला येतील? ही गेली, लेक सुलक्षणा सासरी सुरतेला. मला या गावात मंडळीशिवाय दुसरं घर नाही.

लवकर लिही. तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुझा,
नवल


जळगाव
१६ नोव्हेंबर २०२३

चि. नवल यास,
अ. उ. आ.

दिवाळीच्या सुट्टीत तुझं पत्र टपालात अडकलं, परवा हाती आलं. ललित म्हणतो, मामांना मोबाइलवर लिहायला सांग. मी म्हटलं, मोबाइलवरचं वाचून झालं की उशाखाली काय ठेवू?

लाल फुलीचं वाचून रात्रीचं जेवण गेलं नाही. मग अंथरुणात पडून सगळं चर्च डोळ्यांपुढे उभं केलं, नर्सिंगला पहिल्यांदा नाशिकला गेले तेव्हा करायचे तसं. दारापासून सुरुवात. काळा दगड, हात पसरला तरी मावणार नाही एवढी जाड भिंत, टोकदार कमानीच्या खिडक्या. पाथरवट इथलेच, त्यांनी तोवर विहिरी आणि देवळंच बांधलेली. मिशनच्या विटमरसाहेबाने कागदावर काढून दिली तशी कमान त्यांनी केली, पण प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक कमळ कोरलं. कमळाशिवाय दार पुरं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. साहेब आधी चिडला, मग म्हणे त्यालाच ती आवडायला लागली. आणि ते छप्पर! नकाशा त्याच्या गावच्या चर्चचा होता, बर्फ घसरून पडावं म्हणून छप्पर इतकं उभं. करंजदऱ्यात बर्फ बघायचं तर गोळेवाल्याच्या गाडीवर. पण त्या उंचीमुळे मे महिन्यात आपण आत गारव्याला जाऊन बसायचो, ते विसरू नकोस.

आजी सांगायची, दहा घरांनी नदीकाठच्या खाणीतून आपापल्या गाडीने दगड आणला. ज्याचा दगड त्याचा खण. ती स्वतः चुना मळायच्या घाण्याच्या बैलामागे फिरली, पोटात आपले वडील होते. तेव्हा भिंत आणि वडील बरोबरीचे म्हण.

आता तुझा प्रश्न. मला पक्कं आठवतंय. मी चुन्याची बादली धरली होती. वडिलांनी कुंचला खाली ठेवला, आपल्या खणात, डावीकडून तिसऱ्या, खिडकीखाली जमिनीपासून गुडघाभर उंचीवर तळहात टेकवला आणि म्हणाले, याच्या मागे साल आहे. इकडेतिकडे शोधत बसू नका. आपल्याच खणात आहे. छगन बैसाणे म्हणेल त्यांच्यात आहे. त्याला सांग, तुझ्या खणाला दरवर्षी चकचकीत ऑइलपेंट लावतोस, तो आधी खरवडून दाखव.

जेवत जा वेळेवर. सूनबाई दिपमाला तुला सलाम सांगते. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी,
अक्का


करंजदरे
११ डिसेंबर २०२३

ती. अक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

इतकं आनंदाचं पत्र मी तुला फार दिवसांत लिहिलं नाही.

तुझं पत्र आल्यावर पंचांची बैठक बोलावली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आमच्या खणात शिला आहे, अक्काने स्वतः पाहिलंय वडिलांना दाखवताना. छगन हसायला लागला. म्हणाला, त्याच्या बापाने त्याला त्यांच्या खणात अस्साच तळहात टेकवून दाखवला होता. मग ताईबाई अहिरे उठली. नव्वदीच्या घरातली बाई, काठी आपटून म्हणाली की दगड आमनाच खनमां शे, बठ्ठासले माहीत शे. शिरसाठांचंही तेच, दगड आमच्याच खणात; खैरनारांचंही तेच. अक्का, दहाही बापांनी दहाही घरांत तोच तळहात टेकवला होता! आधी भांडणं झाली, मग एकदम सगळे हसत सुटले. पाळकसाहेब तर डोळे पुसत होते.

पण हसून प्रश्न सुटेना. सुरुवात कोणाच्या खणापासून करायची? पाळकसाहेबांचं म्हणणं, एकेक खण उघडू, सापडली की थांबू. ते धुळ्याचे, नवे आहेत, त्यांना कळेना की यात अडचण काय. ज्याचा खण पहिला उघडेल त्याच्या बापाचं खरं मानलं असं होईल, आणि बाकी नऊ बाप खोटे. ताईबाईने तर सांगितलं, दुसऱ्याच्या खणाला आधी हात लागला तर ती पुन्हा पायरी चढणार नाही. चिठ्ठ्या टाकायचं निघालं, तेही कोणाला पटेना. शेवटी छगननेच तोडगा काढला. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी उघडायचं. यंदा रंग नाही, त्याऐवजी गिलावा काढायचा. शिला आतल्या अंगाला की बाहेरच्या हेही माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी.

शनिवारी काम सुरू झालं. काय सांगू तुला! सुरतेहून खैरनारांची दोन गाड्या भरून माणसं आली. आपल्या खणासाठी सुलक्षणा आणि जावई आले. दहा खणांवर दहा घरं, छिन्नी-हातोडे घेऊन, आणि मध्ये कोणीतरी गीत म्हणायला सुरुवात केली की ते घरोघरी फिरत जायचं. छगन मला म्हणाला की तुझ्या खणातून साल निघालं तर मी वर्षभर तुझ्या दाढीचा खर्च करेन. मला दाढी येतच नाही हे तो विसरला नव्हता. चर्च इतकं भरलेलं मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, शिला नाही सापडली तरी चालेल.

एक गोष्ट लिहून ठेवतो. सिमेंटचा पापुद्रा निघाला की मागचा चुना पिठासारखा खाली येतो. दगडांच्या सांध्यात बोट घातलं तर आत जातं. गिलाव्यामागे इतकी वर्षं ओल कोंडलेली होती. पाळकसाहेब म्हणाले, थोडं थांबून कोणाला तरी दाखवू या का. पण निम्म्यावर आलेलं काम कोण थांबवणार, आणि कोणाचं थांबवणार? येत्या शनिवारी उरलेलं पुरं करायचं आणि त्यानंतर आवारात प्रेमभोजन. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत, कळण्याची भाकरी. तुझ्या वाटणीचं ताईबाई खाणार आहे, तसं तिने सांगून ठेवलंय.

साल सापडलं की त्याच दिवशी कळवतो. आहे ती माया अशीच राहो.

तुझा,
नवल


जळगाव
२८ डिसेंबर २०२३

चि. नवल यास,
अ. उ. आ.

नाताळ गेला. तुझं पत्र नाही.

मी रोज टपालाची वाट बघते. ललितला विचारलं तर पाटीवर लिहून दाखवतो की मामा कामात आहेत. दिपमालाला विचारलं तर ती स्वयंपाकघरात जाते. दहा-अकरा दिवसांपूर्वी सकाळी पेपर आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, पण मधलं पान नव्हतं. नाताळच्या उपासनेला गेले तर ओळखीच्या बायका माझा हात जरा जास्तच वेळ धरत होत्या. मी बहिरी झाले आहे, आंधळी नाही. आणि डोळ्यांचं तर नुकतंच ऑपरेशन झालंय.

मी नर्स होते, नवल. नातेवाइकांना कसं सांगायचं नाही हे मला कोणी शिकवायला नको. कोण गेलं तेवढं लिही. ताईबाई असेल तर तिचं वय झालं होतं. छगन असेल तर सांग, मी त्याच्याबद्दल नाही नाही ते लिहिलंय. तू स्वतः लिहीत नाहीस म्हणजे तुझाच हात मोडला असेल, असंही मनात येतं. तसं असेल तर सुलक्षणाकडून लिहवून घे.

काहीही असलं तरी माझ्यापासून लपवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का


जळगाव
४ जानेवारी २०२४

ती. मामांस,
दिपमालाचा सा. न.

मामा, आईंच्या नकळत हे लिहिते आहे. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र. आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही. यांचं म्हणणं, आईंना सोसणार नाही. पण त्या आता जेवणावर बसून नुसत्या आमच्या तोंडाकडे बघतात, ओठांवरून काही कळतंय का म्हणून. कालपासून त्यांनी बॅग भरून दारात ठेवली आहे. मी पाटीवर लिहायला घेतलं होतं, पण दोन शब्दांच्या पुढे खडू सरकला नाही. चर्च तुमचं दोघांचं आहे. तुमच्या हातचं वाचलं तर त्यांना निदान खरं वाटेल. कृपा करून लिहा.

तब्येतीला जपा. आमच्यावर राग धरू नका.

आपली सून,
दिपमाला


करंजदरे
१५ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
सलाम.

कोणी गेलं नाही. माझा हात ठीक आहे. आपलं चर्च पडलं.

डिसेंबरच्या सोळा तारखेला, शनिवारी दुपारी. काम पुरं झालं होतं, सगळे खण दोन्ही बाजूंनी उघडे झाले होते, शिला कुठेच दिसली नव्हती. आम्ही म्हटलं, जेवून घेऊ, मग जमिनीलगतचं बघू. चिंचेखाली पंगत बसली. माझं ताट चर्चच्या तोंडाला होतं. भरीत वाढून झालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आमेन झालं आणि कौलांतून धूळ उडाली. मला वाटलं पारवे उडाले. मग डावी भिंत, आपल्याच वजनाने कोणी खाली बसावं तशी, बसली. छप्पर तिच्यावर गेलं आणि जाताना उजवीला ओढून घेऊन गेलं. आवाज नंतर आला, किंवा मला नंतर ऐकू आला. पोरं हातातला घास धरून बघत होती. धूळ खाली बसेपर्यंत सगळी मंडळी पानांवर बसून होती.

दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीने एक इंजिनिअर पाठवला. त्याने सांगितलं, अशी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मध्ये चुन्यातला भराव. सिमेंटमुळे ओल बाहेर पडली नाही, आतल्या चुन्याची माती झाली. मग इतकी वर्षं भिंत कशावर उभी होती? त्या सिमेंटवरच. दोन्हीकडून पट्टा बांधल्यासारखं ते तिला धरून होतं. एकेक खण टेकू देऊन उघडला असता तर कदाचित निभावलं असतं. सगळे एकदम उघडले म्हणून कशालाच कशाचा आधार राहिला नाही.

सगळे म्हणतात, पंगत बाहेर होती ही देवाची कृपा. मीही मान डोलावतो. पण मला आभार मानता येत नाहीत, अक्का. प्रार्थनेला बसलो की धूळच दिसते.

वीसच्या सुनावणीला जाण्यात अर्थ नाही. नोटीस आधीच आली. वास्तूच अस्तित्वात नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

शिला ढिगाऱ्यात असेल. नसेलही. आता कोणी शोधत नाही.

बॅग रिकामी कर. येऊन बघण्यासारखं काही नाही. तुझ्या आशीर्वादातलं थोडं माझ्यासाठी ठेव.

नवल


जळगाव
२४ जानेवारी २०२४

चि. नवल यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. आज सकाळी उठून पहिल्यांदा दिपमालाला जवळ घेतलं. पोर इतके दिवस एकटीच ओझं वाहत होती.

तू लिहिलं नाहीस ते मी लिहिते. आपल्याच खणात आहे, इकडेतिकडे शोधू नका, हे मीच लिहिलं होतं. माझं पत्र तू बैठकीत ऐटीत सांगितलंस आणि तिथून सगळं सुरू झालं. वडिलांनी हात टेकवला होता हे खरं, पण मी तेव्हा सहा वर्षांची होते. त्यांनी कदाचित नुसता दम घेण्यासाठी टेकवला असेल. आता मला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही, फक्त तळहात दिसतो, चुन्याने पांढरा झालेला.

चर्च गेलं ते गेलं. तू मंडळीबद्दल काहीच लिहिलं नाहीस. ताईबाई कशी आहे? छगन बोलतो का? रविवारी बसता कुठे? मला ते सांग. दगड उचलता येत नसले तर राहू दे, माणसं गोळा कर. तुझी माया मला हवी आहे, म्हणून हे हट्टाने लिहिते.

तुझी,
अक्का


करंजदरे
३ मार्च २०२४

ती. अक्कास,
सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तू मंडळीबद्दल विचारलंस आणि मला सांगता येईना.

मला वाटलं होतं भांडणं होतील. अमक्याच्या खणामुळे पडलं, तमक्याने फार खोल खणलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं; भांडायला तरी माणसं एका ठिकाणी येतात. झालं ते वेगळंच.

जानेवारीत एका संध्याकाळी छगन घरी आला. चहा घेतला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला की आधी त्याचा खण पडला, त्याने स्वतः पाहिलं. ऑइलपेंट निघेना म्हणून त्याने मोठा घण मारला होता. आता मंडळीला तोंड कसं दाखवू, असं म्हणून उठून गेला. चार दिवसांनी शिरसाठांचा मोठा मुलगा. त्याचंही तेच; त्यांच्याच खणातून पहिला दगड निसटला, त्याने डोळ्यांनी बघितलं. खैरनारांचा सुरतेहून फोन. ताईबाईने तर मला बोलावून घेतलं, हात धरला आणि तिच्या हट्टापायी सगळं झालं असं म्हणत रडत राहिली. एकेक करून सगळी घरं, अक्का. शिलेसाठी जसे आमचीच आमचीच म्हणत होते, तसेच.

मी प्रत्येकाला सांगितलं की बाकीचेही हेच म्हणतात. कोणालाच खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, मी समजूत घालतोय. छगन तर म्हणाला की स्टँडवर गाडी बंद पडलेली असली तरी मी पाच मिनिटांत सुटेल असंच सांगायचो. आणि खरं सांगू? मला त्यांना जोर देऊन सांगता येत नाही. कारण मी पाहिलं तेव्हा पहिला आपला खण हलला. मला तसंच दिसलं. अजून तसंच दिसतं.

लाज माणसाला घरात बसवते. दोन रविवार आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उपासना घेतली. पहिल्या रविवारी नऊ जण, दुसऱ्या रविवारी मी, पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेस. शिरसाठ आता नरडाण्याला कुठल्या हॉलमध्ये जातात. छगन मुलाकडे नशिराबादला राहायला गेला, तुझ्यापासून जवळच. पण तुझ्या दारात येणार नाही, बघ.

ढिगारा नगरपंचायतीने उचलायच्या आत प्रत्येक घर आपापले दगड घेऊन गेलं. ठरवून नाही. एकमेकांची गाठ पडू नये अशा वेळा साधून, एकेकटे. कमळाचे दगड कोणी पायरीला लावले, कोणी नुसते मागच्या अंगणात पालथे घालून ठेवले. आपले मी उचलले नाहीत. ते ट्रकमध्ये गेले. आता तिथे फक्त जोतं आहे.

तू तुझ्या पत्राचं मनाला लावून घेऊ नकोस. असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत तू अकरावी.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
नवल


जळगाव
१२ मार्च २०२४

चि. नवल यास,
अ. उ. आ.

छगन नशिराबादला आहे हे कळल्यावर ललितला गाडी काढायला लावली. त्याने मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मला ऐकू येत नाही हे त्याला माहीत नव्हतं. तो खूप वेळ बोलत राहिला आणि मी त्याला थांबवलं नाही. त्याला कोणाला तरी सांगायचं होतं आणि मी मान हलवत होते, एवढ्याने भागलं. निघताना मी त्याला म्हटलं, ईस्टरला करंजदऱ्याला जा, नवलने बोलावलंय. त्याने हो म्हणून मान डोलावली.

आता तू खरंच बोलव. फोन नको, दारात जा. जोतं आहे ना? पूर्वी ईस्टरची पहाटेची उपासना बाहेर आवारातच व्हायची. त्याला भिंत लागत नाही. सगळे एकदा समोरासमोर बसले, एकमेकांच्या तोंडून ऐकलं, म्हणजे पटेल. मीही आले असते, पण डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात.

एवढं माझं ऐक. तुझ्यावर जीव आहे, म्हणून सांगते.

तुझी,
अक्का


करंजदरे
१ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे बाकी नऊही घरांच्या दारात गेलो. सुरतेला रेल्वेने गेलो, धुळ्याला दोनदा गेलो, नशिराबादलाही. तुझ्याकडे आलो नाही त्याबद्दल रागावू नकोस, तुझ्यासमोर बसलो असतो तर पुढे कुठे जाववलं नसतं. कोणीही नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी बसवलं, चहा केला. ताईबाईच्या नातसुनेने विचारलं की सतरंज्या आणायच्या का. छगनने माझा हात धरून सांगितलं की येतो.

काल पहाटे अंधारात जाऊन जोतं झाडलं. सतरंज्या मीच अंथरल्या. पाळकसाहेबांची धुळ्याला मोठी उपासना होती, ती आटोपून ते येणार होते. उजाडलं. मी रस्त्याकडे तोंड करून बसलो. बस आली, तिच्यातून नरडाण्याची कामावरची माणसं उतरली. दुसरी बस आली. पाळकसाहेबांचा फोन आला, किती जण जमले विचारायला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दगदग करू नका.

ऊन चढायला लागलं तेव्हा एक जीप आली. रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं. रविवार आणि सण असूनही आली, कारण मार्चएंड होता आणि मोजणी त्याच दिवशी दाखवायची होती. दोघंच होते. सतरंज्या बघून थबकले, चांगल्या घरची पोरं असावीत. एकाने विचारलं की काही कार्यक्रम आहे का, आम्ही नंतर येतो. मी सांगितलं की नाही, कार्यक्रम नाही. मग मी सतरंज्या गोळा केल्या.

त्यांची टेप लांब होती आणि त्यांच्यातला एक जण वही घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला होता. दुसऱ्याने मला विचारलं की काका, जरा हे टोक धरता का, तिकडे कोपऱ्यात. तिकडे म्हणजे वेदी होती तिथे. मी जाऊन टोक धरलं. तो टेप सोडत सोडत रस्त्यापर्यंत गेला. तिथून ओरडला की ढिली पडतेय, माप येत नाही.

मी टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ताणलं. मग माप बरोबर आलं.

आणखी लिहवत नाही. माया असू दे.

तुझा,
नवल